चाकांवरील हॉकी आणि बेअरिंगांची निवड

आजच्या भाषणाचा विषय नांवाला लहान आहे; परंतु ज्या घरांत दहा-बारा वर्षांचें मूल चाकांचे बूट घालून हॉकी खेळावयास लागलें आहे, त्या घरांत तो लहान राहिलेला नाहीं. इनलाईन स्केट म्हणजे एका रांगेंत चार चाकें बसविलेला बूट. याची जोडी घेतली कीं थोड्याच महिन्यांत मूल सांगूं लागतें, "माझीं चाकें मंद फिरतात, सोबत्यांचीं भराभर फिरतात; मला नवीं बेअरिंगें हवींत." दुकानांत गेलें म्हणजे डब्यांवर पांच, सात, नऊ असे आंकडे दिसतात, आणि आंकडा चढतो तशी किंमतहि चढते. पालकांस त्या आंकड्यांचा अर्थ ठाऊक नसतो. विक्रेत्यास बहुधा सर्वांत मोठा आंकडा खपवावयाचा असतो. अशा वेळीं नेमकें काय पाहून निवड करावी, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. मी शाळामास्तर होतों, कारागीर नव्हें. पण या प्रश्नास लागणारें गणित त्रैराशिकापलीकडचें नाहीं, आणि तें घरोघरीं करतां येण्यासारखें आहे.

प्रथम बेअरिंग म्हणजे काय तें पाहूं. मी वरठीचा राहणारा. भंडारा जिल्ह्यांतील हें गांव. भंडारा रोड या नांवाचें रेल्वेचें स्थानक येथेंच आहे, आणि हावड्याहून नागपूरमार्गें मुंबईस जाणाऱ्या गाड्या आमच्या समोरून धांवतात. त्यामुळें चाकाचा इतिहास आम्हांस पुस्तकांतून वाचावा लागला नाहीं. आमच्या लहानपणीं बैलगाडीच्या चाकाचा तुंबा लोखंडी आंसावर घासत फिरे. घांसणें म्हणजे उष्णता आणि झीज. म्हणून गाडीवान वंगणाचें नळकांडें गाडीलाच टांगून ठेवी. रेल्वेच्या जुन्या डब्यांतहि तत्त्वतः तोच प्रकार होता. आंसाच्या टोंकावर धातूची गादी टेकलेली असे, आणि खालच्या पेटींत तेलानें भिजविलेल्या सुताच्या चिंध्या भरलेल्या असत. तेल आटलें म्हणजे आंस तापून लाल होई. रेल्वेचे लोक त्यास "हॉट ॲक्सल" म्हणतात. पुढें डब्यांना रोलर बेअरिंगें बसलीं, आणि हा उपद्रव पुष्कळच कमी झाला. तरीहि गाडी स्थानकांतून जातांना कर्मचारी तिच्या चाकांकडे लक्ष ठेवून उभे राहतात, तें निष्कारण नव्हे.

घासण्याच्या ऐवजीं लोळणें, हें या सुधारणेचें रहस्य. जड पेटी जमिनीवरून ओढणें कठीण. तीच पेटी गोल लाकडांवर ठेवून ढकलली तर सहज सरकते. बॉल बेअरिंगांत आंतलें एक कडें, बाहेरचें एक कडें, आणि दोहोंच्या खोबणींत लोळणारे पोलादी गोळे असतात. सायकल दुरुस्त करणारे त्यांना छर्रे म्हणतात. छर्रे एकमेकांवर घांसूं नयेत म्हणून त्यांना अंतराअंतरानें धरून ठेवणारा एक पातळ पिंजरा असतो. आणि दोन्ही अंगांनीं धूळ आंत जाऊं नये म्हणून झांकणें असतात. आंतील कडें आंसावर स्थिर राहतें आणि बाहेरील कडें चाकाबरोबर फिरतें. सारें यंत्र एवढेंच.

चाकांच्या बुटांशीं या यंत्राचा संबंध जुना आहे. अमेरिकेंतील जेम्स प्लिम्टन यानें १८६३ सालीं दोन पुढें व दोन मागें अशीं चार चाकें असलेला स्केट काढला. १८८३ च्या सुमारास जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें फ्रीडरिख फिशर यानें पोलादी गोळे एकसारखे गोल घांसून काढणारें यंत्र सिद्ध केलें, आणि त्यानंतरच चांगलीं बेअरिंगें मोठ्या प्रमाणावर होऊं लागलीं. एका रांगेंतील चाकांचा आधुनिक स्केट हॉकी खेळणाऱ्यांच्याच गरजेंतून लोकप्रिय झाला. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत ओल्सन नांवाच्या दोघां भावांनीं, बर्फ वितळल्यानंतर उन्हाळ्यांतहि बर्फावरील हॉकीचा सराव करतां यावा म्हणून, असे बूट बनवून विकावयास प्रारंभ केला. आपल्याकडे बर्फ नाहीं. पण सिमेंटचें पटांगण आहे. भारतांत रोलर स्केटिंगचा महासंघ १९५५ पासून आहे, आणि इनलाईन हॉकी ही आतां त्याच्या खेळांपैकीं एक आहे. प्रत्येक बाजूस चार खेळाडू व एक गोलरक्षक, आणि चेंडूऐवजीं पक नांवाची चपटी चकती, असा हा खेळ. चाकांवरील शर्यतींत तर २०२३ च्या ऑक्टोबरांत हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत भारताच्या पुरुषांच्या व स्त्रियांच्या अशा दोन्ही चमूंनीं तीन हजार मीटरच्या सांघिक शर्यतींत कांस्यपदकें मिळविलीं. पुरुषांच्या चमूंत विक्रम इंगळे व सिद्धांत कांबळे हीं मराठी नांवें होतीं. तेव्हां हा केवळ श्रीमंतांच्या मुलांचा चाळा आहे असें म्हणण्याचे दिवस गेले.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. स्केटच्या चाकांत बहुतेक सर्वत्र एकाच मापाचें बेअरिंग बसतें. त्याचा क्रमांक ६०८. आंतील भोंक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर, आणि रुंदी ७ मिलिमीटर. आंत सामान्यतः सात छर्रे असतात. प्रत्येक चाकाला दोन, एका बुटाला आठ, आणि जोडीला सोळा बेअरिंगें लागतात. हॉकीच्या कांहीं चाकांत ६८८ क्रमांकाचीं लहान बेअरिंगें येत. त्यांचा बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर असतो. म्हणून बाजारांत जाण्यापूर्वीं जुनें एक बेअरिंग खिशांत टाकून न्यावें, किंवा त्यावर कोरलेला क्रमांक लिहून घ्यावा. हें ६०८ कांहीं केवळ स्केटकरितां निर्माण झालेलें नाहीं. लहान विजेच्या मोटारींत व हातयंत्रांतहि तें असतें, आणि नागपुरासारख्या शहरांतील यंत्रसामग्रीच्या बाजारांत बेअरिंगांच्या कोणत्याहि दुकानीं मिळतें. खेळाच्या दुकानांतील रंगीत डबीपेक्षां तेथें तें पुष्कळ वेळां स्वस्त पडतें.

डबीवरील आंकड्याच्या पूर्वीं "एबेक" असा शब्द असतो. अमेरिकेंतील बेअरिंग बनविणाऱ्यांच्या संघाच्या तांत्रिक समितीच्या इंग्रजी नांवाचीं तीं आद्याक्षरें. या समितीनें १, ३, ५, ७ व ९ अशा पांच पायऱ्या ठरविल्या. आंकडा जितका मोठा, तितकीं बेअरिंगाचीं मापें नेमकीं आणि तितकें त्याचें फिरणें मध्यास धरून. आंतील कडें फिरतांना किती डगमगावें याची मर्यादा या लहान मापांत पहिल्या पायरीला १० मायक्रॉन, पांचव्या पायरीला ४, आणि सातव्या पायरीला अडीच मायक्रॉन आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे पहिल्या आणि सातव्या पायरींतील फरक केसाच्या नवव्या-दहाव्या हिश्श्याइतका झाला. ज्या चाकांत हें बेअरिंग बसावयाचें, तें चाक सांच्यांत ओतलेल्या प्लॅस्टिकचें असतें. त्याची स्वतःची गोलाई याहून कितीतरी अधिक चुकलेली असते. दोरीनें आंखलेल्या शेताच्या बांधावर सोनाराचा तराजू नेऊन काय करावयाचें?

आतां वेगाचें गणित मांडूं. ७६ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे २३९ मिलिमीटर. मूल ताशीं २५ किलोमीटर वेगानें गेलें, म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर, तर चाक सेकंदाला २९ वेळां आणि मिनिटाला सुमारे साडेसतराशे वेळां फिरेल. हेंच साधें ६०८ बेअरिंग कारखानदारांच्या तक्त्यांप्रमाणें मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेरे सहन करतें. मोठ्या एबेक आंकड्याचें प्रयोजन अशा प्रचंड वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत आहे. मुलाच्या पायांत नाहीं.

आणखी एक गणित मला अधिक महत्त्वाचें वाटतें. चांगल्या बॉल बेअरिंगांत भारामुळें उत्पन्न होणारें घर्षण भाराच्या हजारांश दीड इतकें धरतात. मुलाचें वजन ४० किलो असेल, तर हें घर्षण ६० ग्रॅम झालें. परंतु तें आंसापाशीं, म्हणजे मध्यापासून ४ मिलिमीटरांवर घडतें. आणि चाकाची कड मध्यापासून ३८ मिलिमीटरांवर आहे. साठाला चारानें गुणून अडतीसानें भागा: उत्तर सहा-सात ग्रॅम. म्हणजे सर्व बेअरिंगें मिळून मुलाला मागें खेंचतात तीं सुपारीच्या एका खांडाच्या वजनाइतकीं! त्यांत वंगणाचा चिकटपणा व झांकणांचें घांसणें मिळविलें तरी, मऊ चाक जमिनीवर दबण्यांत जी शक्ति खर्च होते, तिच्यापुढें हें ओझें क्षुल्लक आहे. चाकें झिजलेलीं असतील, किंवा त्या पटांगणास तीं अति मऊ पडत असतील, तर कितीहि महाग बेअरिंगें घातलीं तरी मुलाला वेग येणार नाहीं.

मग सोबत्याचीं चाकें भराभर फिरतात तें कसें? येथेंच बहुतेकांची फसगत होते. दुकानदार बूट उलटा धरून बोटानें चाकास झटका देतो. चाक मिनिट-दीड मिनिट फिरत राहतें, आणि आपण खूष होतों. परंतु त्या वेळीं चाकावर मुलाचें वजन नसतें. बिनओझ्याचें चाक किती वेळ फिरेल हें मुख्यतः आंतील वंगण किती पातळ आहे यावर ठरतें. ज्यांत वंगण जवळजवळ नाहींच, तें बेअरिंग हातांत सर्वांत अधिक वेळ फिरतें आणि खेळांत सर्वांत आधीं मरतें. उलट ज्यांत चांगलें ग्रीस भरलें आहे, तें नवें असतांना बोटाच्या झटक्यानें चार-दोन फेरेच घेईल. पण वजन पडलें आणि कांहीं दिवस वापरांत राहिलें म्हणजे शांतपणें व दीर्घकाळ काम करील. हातांत फिरविण्याची परीक्षा अगदींच निरुपयोगी नाहीं. तिनें वेग कळत नाहीं, पण दोष कळतो. फिरतांना खरखर ऐकूं आली, बोटास कण लागल्यासारखा भास झाला, किंवा चाक थांबतांना गचका बसला, तर त्या बेअरिंगांत बिघाड आहे असें समजावें.

एबेकचा आंकडा ज्या गोष्टींविषयीं मौन पाळतो, त्याच गोष्टी हॉकी खेळणाऱ्यास अधिक महत्त्वाच्या आहेत. छर्रे किती गुळगुळीत आहेत, पोलाद कोणतें आहे, पिंजरा किती बळकट आहे, वंगण कोणतें घातलें आहे आणि झांकण कशाचें आहे, यांपैकीं कशाचाहि निर्वाळा तो आंकडा देत नाहीं. शिवाय पुष्कळदां तो बनविणारानें स्वतःच छापलेला असतो. बोन्स या स्केटच्या बेअरिंगांबद्दल प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन कंपनीनें तर आपल्या मालावर एबेकचा आंकडा देण्याचें टाळून स्वतःची निराळीच परिभाषा वापरली, याचें कारण हेंच.

हॉकींत बेअरिंगावर काय गुदरतें याचा विचार करा. शर्यतींतील खेळाडू बराच वेळ एका लयींत जातो. हॉकीवाला क्षणांत धांवतो, क्षणांत आडवा होऊन थांबतो, वळतो, उडी घेतो. म्हणजे भार सरळ वरून न येतां बाजूनें येतो, आणि धक्क्यानें येतो. ६०८ बेअरिंगावर स्थिर भार किती असावा याची मर्यादा कारखानदार सुमारे १४० किलो सांगतात. जमिनीवर आपटण्याच्या क्षणीं, आणि सारा भार एकाच चाकावर आला असतां, ही मर्यादा ओलांडली जाऊं शकते. तसें झालें म्हणजे छर्रे खोबणींत बारीक खड्डे पाडतात आणि मग बेअरिंग कायमचें खरखरूं लागतें. यासाठीं खोबण खोल, पोलाद कठीण आणि पिंजरा मजबूत हवा. बाजूचा भार सोसावयास आंत किंचित् मोकळीक असलेली बरी. यंत्राच्या दुकानांत "सी-३" असें चिन्ह असलेलें बेअरिंग मिळतें, त्यांत ही मोकळीक सामान्याहून थोडी अधिक असते.

पोलादाविषयीं दोन शब्द. आमच्या वरठीस सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना आहे, त्यामुळें मिश्रधातूंच्या पोलादाच्या गोष्टी येथें चहाच्या टपरीवरहि निघतात. बेअरिंगाच्या पोलादांत शेंकडा सुमारें एक भाग कार्बन व दीड भाग क्रोमियम असतें. त्यास पाणी देऊन अत्यंत कठीण करतात. तें कठीण असतें, पण गंजरहित नसतें, हें ध्यानांत ठेवावें. अलीकडे सिरॅमिकच्या, म्हणजे सिलिकॉन नायट्राइडच्या छर्ऱ्यांचीं बेअरिंगें निघालीं आहेत. हे छर्रे पोलादाच्या निम्म्याहून कमी वजनाचे असतात आणि गंजत नाहींत. परंतु कडीं बहुधा पोलादाचींच असतात, आणि तीं गंजतातच; किंमत मात्र कितीतरी पट असते. खेळणाऱ्या मुलाला त्यांची गरज मला दिसत नाहीं. आपल्या देशांतहि बेअरिंगें बनतात. जयपूर येथें १९४६ सालीं स्थापन झालेल्या कंपनीची एनबीसी ही खूण बाजारांत परिचित आहे. स्वीडनमधील एसकेएफ कंपनीनें चिंचवडास कारखाना काढला. अशा नांवाजलेल्या खुणेचें साधें बेअरिंग, कोणाचें नांव नसलेल्या "एबेक नऊ" हून विश्वसनीय समजावें.

यानंतर धूळ. विदर्भांतील खेळाडूला ही गोष्ट प्रथमच सांगावयास हवी होती. उघड्या सिमेंटच्या पटांगणावर उन्हाळ्यांत वाऱ्याबरोबर बारीक माती येते, आणि पावसाळ्यांत ओल येते. बेअरिंगाचा खरा शत्रु हाच. झांकणें दोन प्रकारचीं असतात. धातूचें झांकण आंतील कड्यास स्पर्श करीत नाहीं. मध्यें केसाइतकी फट राहते, म्हणून बेअरिंग हलकें फिरतें, पण बारीक धूळ आंत शिरते. त्याच्या क्रमांकापुढें "झेडझेड" किंवा "२झेड" असतें. रबराचें झांकण कड्यास टेकून राहतें, त्यामुळें थोडा अडथळा होतो, पण धूळ पुष्कळ अडते. त्याच्यापुढें "२आरएस" असतें. बंद इमारतींतील स्वच्छ फरशीवर खेळावयाचें असल्यास धातूचें झांकण चालेल. बाहेर खेळावयाचें असल्यास रबराचें घ्यावें. दोहोंपैकीं कोणतेंहि घेतांना तें काढतां व पुन्हां बसवितां येतें का हें विचारावें. काढतां येणाऱ्या धातूच्या झांकणास कडेनें एक बारीक तार बसविलेली असते. रबराचें झांकण सुईच्या टोंकानें हळूच उचलतां येतें. यंत्राच्या दुकानांतील कांहीं बेअरिंगांचीं झांकणें कायमचीं दाबलेलीं असतात. तीं साफ करतां येत नाहींत. पण नवशिक्यास स्वस्तांत वर्षभर वापरून टाकून देण्यास तींहि वाईट नाहींत.

वंगणाची निवड झांकणाच्याच नियमानें करावी. पातळ तेल घातलें तर चाक मोकळें फिरतें, पण तेल लवकर उडून वा वाहून जातें आणि वरचेवर घालावें लागतें. ग्रीस किंचित् जड वाटतें, पण टिकतें व धुळीस थोडा अडसर करतें. शिवणयंत्राचें तेल चालतें. खोबरेल किंवा गोडें तेल कधींहि घालूं नये. कांहीं दिवसांनीं तें चिकट होऊन राळेसारखें जमतें. गंज सोडविण्यासाठीं मिळणारे फवारे सफाईला उपयोगी पडतात. परंतु त्यांवरच वंगण म्हणून विसंबूं नये.

चांगलें बेअरिंगहि चुकीच्या बसवणुकीनें बिघडतें. चाकाच्या पोटांत दोन बेअरिंगांच्या मधोमध एक लहानशी नळी असते, तिला स्पेसर म्हणतात. ती हरवली आणि तसाच आंस आंवळला तर आंतलीं दोन्ही कडीं एकमेकांकडे दाबलीं जातात, छर्रे चेपतात, आणि चाक फिरेनासें होतें. पुष्कळदां "बेअरिंग खराब" म्हणून आणलेल्या बुटांत दोष एवढाच असतो. आंस आंवळतांना चाक मोकळें फिरलें पाहिजे, पण हातानें बाजूस हलवितां खुळखुळतां कामा नये, ही मर्यादा सांभाळावी. बेअरिंग बसवितांना अंगठ्यानें सरळ दाबावें. हातोडीनें ठोकूं नये.

सफाई ही निवडीचीच दुसरी बाजू आहे. नियमित खेळणाऱ्यानें महिन्यां-दोन महिन्यांनीं, आणि पाण्यांतून गेल्यास त्याच दिवशीं, बेअरिंगें काढावीं. बाहेरील धूळ फडक्यानें पुसून मगच झांकण उघडावें. नाहीं तर तीच धूळ आंत जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलसारख्या द्रावणांत तीं घोळून काढावींत. हें काम वडील माणसाच्या देखरेखीखालीं, खिडक्या उघड्या ठेवून, आणि देवघरांतील दिवा व स्वयंपाकघरांतील शेगडी यांपासून दूर करावें. कारण हीं द्रावणें लवकर पेट घेतात. नखांचा रंग काढण्याचें ॲसिटोन वापरूं नये. त्यानें प्लॅस्टिकचा पिंजरा व रबर खराब होण्याचा संभव असतो. नुसत्या पाण्यानेंहि धुवूं नये. बेअरिंगें पूर्ण वाळल्यावर प्रत्येकांत तेलाचे एक-दोन थेंब, अथवा मुगाच्या दाण्याएवढें ग्रीस घालावें, चाक फिरवून तें सर्वत्र पसरावें आणि झांकण लावावें. धुऊन कोरडें ठेवलेलें बेअरिंग न धुतलेल्यापेक्षां लवकर गंजतें, हें विसरूं नये. सोळा बेअरिंगांना तास-दीड तास लागतो, आणि हें काम मुलाकडूनच करून घ्यावें. ज्यानें स्वतः धूळ काढली तो चिखलांत स्केट घालण्यापूर्वीं एकदां विचार करतो.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. वेग कमी-अधिक झाला तर एखादा गोल हुकेल. त्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु पिंजरा तुटून किंवा गंज चढून धांवतां धांवतां चाक एकाएकीं अडलें, तर मूल तोंडावर आपटतें. म्हणून प्रत्येक वेळीं खेळण्यापूर्वीं आठहि चाकें एकेक फिरवून पाहण्याची संवय लावावी. एखादें चाक करकरत असेल, खुळखुळत असेल किंवा इतरांहून पुष्कळ तापत असेल, तर त्या दिवशीं खेळ बंद. सफाईनंतरहि खरखर राहिली तर तें बेअरिंग टाकून द्यावें. त्याच्या खोबणींत खड्डे पडलेले असतात आणि ते कोणत्याहि तेलानें भरून येत नाहींत. रेल्वेंत तापलेल्या आंसाचा डबा गाडींतून वेगळा काढतात. मग आपल्या मुलाच्या पायांतील चाकाला सवलत कां द्यावी? आणि शिरस्त्राण, गुडघ्यांचीं व कोंपरांचीं आवरणें यांच्या खर्चांतून पैसे वांचवून महाग बेअरिंगें घेणें, हा तर सरळ अविचार होय.

सारांश असा. माप ६०८ आहे कीं दुसरें, तें आधीं पाहा. बनविणाराचें नांव पाहा. आंकड्यास भुलूं नका. एबेकची पहिली, तिसरी अथवा पांचवी यांपैकीं कोणतीहि पायरी पुरेशी आहे. बाहेर खेळावयाचें तर रबराचें, काढतां येणारें झांकण घ्या. आंत खेळावयाचें तर धातूचें चालेल. नवशिक्याला साधें ग्रीस भरलेलें बेअरिंगच उत्तम. उरलेले पैसे चांगलीं चाकें, शिरस्त्राण आणि सफाईचें सामान यांवर खर्च करा. मुलानें हट्ट धरला तर त्याला रागावूं नका; कागद-पेन्सिल द्या आणि मघांचें सहा-सात ग्रॅमांचें त्रैराशिक त्याच्याकडून सोडवून घ्या. उत्तर त्याचें त्यानें काढलें म्हणजे त्यास तें पटेल, आणि एखाद्या दुकानांत रंगीत डबीपुढें उभें राहण्याची वेळ पुढें त्याच्यावर येईल, तेव्हां तेंच त्याच्या उपयोगीं पडेल.